नागपुरात पंख्यासारख्या पानांचा पाम: कोणता लावायचा आणि काळ्या मातीत कसा टिकवायचा?

अंगणवेल
बेसा रोडकडच्या प्लॉटवर फाटकाजवळ साधारण १४ बाय १२ फुटांची जागा मोकळी आहे. तिथे एकच, पण ठसठशीत दिसेल असा फॅन पाम लावायचा आहे. इंटरनेटवर शोधलं की ‘सौम्य हवामानासाठी उत्तम’ म्हणून युरोपियन फॅन पाम आणि विंडमिल पाम ही दोन नावं पहिल्यांदा येतात. इकडे नर्सरीत विचारलं तर कोणी चायना पाम घ्या म्हणतं, कोणी बिस्मार्किया.
जमीन काळी, दोन-अडीच फुटांवर चुनखडीचे खडे लागतात. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर धरणारं. ऊन सकाळी अकरापासून थेट संध्याकाळपर्यंत.
प्रश्न तीन: कोणता लावू, कधी लावू आणि खड्डा कसा भरू?

झावळी
आधी त्या ‘सौम्य हवामान’ शब्दाचा निकाल लावू. ही यादी थंड देशांतल्या लोकांनी त्यांच्या सोयीने केलेली असते. तिचा अर्थ एवढाच की हिवाळ्यात हे पाम मरत नाहीत. नागपुरात थंडी हा प्रश्नच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेवढी थंडी यातला कोणताही पाम हसत सोसतो. आपली परीक्षा मे महिन्यात आणि मग लगेच जुलैमध्ये.

युरोपियन फॅन पाम, म्हणजे कॅमेरॉप्स ह्युमिलिस, हा स्पेन, मोरोक्को, सिसिली या बाजूचा. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. त्यामुळे ऊन आणि कोरडी हवा त्याला चालते, पण ऊबदार चिखलात मुळं बुडाली की बुंध्यापासून कुजतो. मुरमाड उतारावर किंवा मोठ्या कुंडीत तो इथे जगेल, सपाट काळ्या जमिनीत नाही.

विंडमिल पाम, ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय, याचा विचारही करू नका. तो डोंगरातला, उणे १० च्या खालीही तगणारा. त्याला रात्र थंड लागते. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही ३० च्या आसपास असते, तिथे तो वाढणं थांबवतो आणि पानं करपत जातात. त्याचाच एक भाऊबंद, ट्रॅकीकार्पस टाकिल, आपल्या उत्तराखंडात पिथोरागडजवळ थळकेदारच्या जंगलात सापडतो. तेही सुमारे २००० मीटर किंवा त्याहून उंचीवर, यावरून काय ते समजा.

ताडमाड
झावळीताईंना अनुमोदन. नागपुरात जमिनीत लावण्याजोगे, सहज मिळणारे आणि खात्रीचे तीनच: चायना पाम (लिव्हिस्टोना चायनेन्सिस), वॉशिंग्टोनिया आणि बिस्मार्किया.

बिस्मार्किया मूळचा मादागास्करचा. ऊन कितीही द्या, रुपेरी पानं उलट आणखी खुलतात. देठाला मोठे काटे नाहीत, हा फायदा. पण पसारा बघा: खोड जमिनीतून वर यायच्या आधीच पानं १५ फूट रुंद पसरतात. तुमच्या १४ बाय १२ मध्ये त्याची अर्धी पानं रस्त्यावर आणि उरलेली गाडीवर येतील. मग लोक पानं छाटतात आणि झाडाची शोभाच जाते.

वॉशिंग्टोनिया रोबुस्टा सगळ्यात भरभर वाढतो, पसारा ८-१० फुटांत राहतो, उन्हाला दबत नाही. उंची मात्र ७०-८० फुटांपर्यंत जाऊ शकते.

चायना पामचा पसारा १०-१२ फूट, वाढ सावकाश, पानांची टोकं दुभंगून झिरमिळ्यांसारखी खाली लोंबतात. तिघांत देखणा हाच, असं माझं स्पष्ट मत. खोट एवढीच की लहानपणी दुपारचं ऊन सोसत नाही.

फाटकावरून विजेची तार जाते का, ते आधी सांगा.

अंगणवेल
जाते. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बरोबर त्या कोपऱ्यावरून आहे.

ताडमाड
मग वॉशिंग्टोनिया बाद. पामचा शेंडा छाटून उंची कमी करता येत नाही. वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की झाड गेलं. तुमच्यासाठी चायना पाम, त्यातही जागेच्या मधोमध, भिंतीपासून किमान ६ फूट आत.

काळी_कसदार
खड्ड्याचं मी सांगतो. ३ बाय ३ बाय ३ फूट खोदा, महिनाभर उन्हात तापू द्या. भरताना तीन घमेली कन्हानची रेती, दोन घमेली मुरूम, दोन घमेली कुजलेलं शेणखत, तीन घमेली वरची माती असं प्रमाण धरा. सोबत २ किलो निंबोळी पेंड. तळाला अर्धा फूट गिट्टी.

उमरेडकर
भाऊ, काळ्या जमिनीत हे बिलकुल करू नका. बाजूची माती चिकण, पाणी जिरवत नाही. मधातच तुम्ही रेती-मुरमाची भुसभुशीत जागा केली की चहूकडचं पाणी त्यातच येऊन साचते. जुलैत तो खड्डा नाही राहत, विहीर होऊन जाते. अन् तळाची गिट्टी काहीच कामाची नाही, कारण पाण्याला पुढे जायला वाटच नसते. ते गिट्टीत भरून वर मुळापर्यंत येते.

आधी परीक्षा करा. दीड फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला एक इंच तरी पाणी उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खड्ड्याचा नाद सोडा अन् ओटा करा.

ओटा म्हणजे जमिनीवर ६ फूट व्यासाचा, मधात सव्वा ते दीड फूट उंच मातीचा ढीग, कडेला उतरता. त्यात निम्मी तिथलीच काळी माती, बाकी मुरूम अन् रेती, वरून दोन-तीन घमेली शेणखत. खालची जमीन कुदळीने फक्त खरवडून घ्यायची, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळतात. रोप त्या ओट्यावर. मुळं हळूहळू खालच्या मातीत आपसूक जातात.

काळी_कसदार
ओट्यावरचं रोप मे महिन्यात लवकर सुकतं, ही बाजूही मांडायला हवी. उन्हाळ्यात खड्ड्यातली ओल टिकते.

उमरेडकर
सुकते, हे खरं. पण सुकलेल्याले पाणी देता येते, सडलेलं मूळ परत येत नाही. ओट्यावर ४ इंच पालापाचोळ्याचं किंवा धानाच्या तणसाचं आच्छादन करा, खोडापासून वीतभर सोडून. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा बारीक मुळं तुटतात, ते पण आच्छादनाने वाचते.

काळी_कसदार
आच्छादनासह असेल तर मान्य. सपाट काळ्या जमिनीसाठी ओटा बरा, मुरमाड प्लॉटसाठी माझा खड्डा.

झावळी
आणि दोन्हीत एक गोष्ट सारखीच महत्त्वाची: खोली. पामच्या खोडाच्या तळाशी जिथून मुळं फुटतात, ती जागा जमिनीच्या पातळीला हवी. रोप डुलतं म्हणून चार-सहा बोटं खोल गाडायची सवय बऱ्याच माळ्यांना आहे. त्याने मुळांना हवा मिळत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी नवी पानं फिकट पिवळी यायला लागतात. लोक मग लोह कमी पडलं म्हणून खत ओततात. डुलत असेल तर तीन बांबू लावून सुतळीने बांधा. खोडाला खिळा मारू नका, पामच्या खोडाची जखम कधीच भरून येत नाही.

पिशवी कापून मातीचा गोळा अखंड ठेवा, मुळं मोकळी करत बसू नका. आंब्या-पेरूची रीत इथे चालत नाही.

सह्यकडा
लावायचा हंगाम कोणता? आमच्याकडे पुण्यात बरेच जण हिवाळ्यात लावतात.

झावळी
पामची मुळं ऊबदार मातीतच जोमाने फुटतात. म्हणून नागपुरात मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की लावा, जून अखेर ते ऑगस्ट मध्य. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी आठ-नऊ महिने मिळतात. हिवाळ्यात लावलेलं रोप नुसतं बसून राहतं आणि मुळं धरायच्या आधीच मार्च उजाडतो.

पुण्याची हवा नागपूरपेक्षा खरंच सौम्य आहे. तिथे पाणी निचरणारी जागा असेल तर कॅमेरॉप्स जमिनीतही करून बघण्यासारखा. विदर्भात विंडमिल पाम लावायचाच असेल तर चिखलदऱ्याच्या उंचीवर काहीतरी आशा आहे.

कुंडीबहाद्दर
नर्सरीत चायना पाम आणि वॉशिंग्टोनिया दोन्ही ‘फॅन पाम’ म्हणून एकाच भावात ठेवलेले असतात. दीड-दोन फुटांचं रोप असताना कसे ओळखायचे?

ताडमाड
पानाच्या कडा बघा. वॉशिंग्टोनियाच्या पानाच्या फाकांमधून पांढरे, सुताचे धागे लोंबतात. चायना पामला धागे नसतात किंवा अगदी नावाला असतात. रोबुस्टाच्या देठाचा बुडखा लालसर तपकिरी असतो आणि काटे आकड्यासारखे वाकलेले. चायना पामच्या कोवळ्या झाडाच्या देठालाही काटे असतात, म्हणून दोन्ही पायवाटेला चिकटून लावू नका.

घेताना मधली बंद पानाची सुई चिमटीत धरून हलकेच वर ओढा. सहज निघून आली आणि बुडाला आंबूस वास असेल तर कोंब कुजलेला आहे, ते रोप घ्यायचं नाही. सर्वांत उंच रोपाच्या मोहात पडू नका. दाट सावलीत उंच ताणलेल्या रोपाची पानं आपल्या उन्हात आठवडाभरात पांढरी पडतात. बुंधा जाड आणि देठ आखूड असलेलं घ्या.

अंगणवेल
दुपारचं ऊन थेट आहे, त्याचं काय करू?

झावळी
पहिले दोन उन्हाळे ५० टक्क्यांची ग्रीन नेट. चार बांबू रोवून पश्चिम आणि दक्षिण बाजूला उभी लावा, वर झाकली तरी चालेल, पण पानांना टेकू देऊ नका. होळीच्या आसपास बांधा आणि पाऊस धरला की काढा. ऐन उन्हात पानांवर पाणी मारू नका. बोअरच्या पाण्यातला क्षार पानावर सुकून राहतो.

पाणी: एप्रिल-मेमध्ये तीन फुटांच्या रोपाला एक दिवसाआड १५ ते २० लिटर, संध्याकाळी. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात दहा-बारा दिवसांची उघडीप पडली तरच.

पळसगाव
माझा प्रश्न थोडा वेगळा. लागवडीला चारेक वर्षं झालेल्या चायना पामची खालची पानं पिवळी-नारिंगी होऊन टोकाकडून वाळतात. युरिया दिला तर वरून हिरवी येतात, खालून जास्तच वाळतात. माळी म्हणतो उन्हाने.

ताडमाड
ऊन नाही, पालाश (पोटॅशियम) कमी आहे. खात्री अशी करा: जुनं पान उजेडाकडे धरून खालून वर पाहा. पालाश कमी असेल तर पानावर बारीक नारिंगी-पिवळे ठिपके दिसतात आणि त्यातून उजेड तेलकट कागदासारखा आरपार येतो. मधल्या शिरेजवळ ठिपके कमी, टोकाकडे दाट, आणि टोक वाळून चुरगळलेलं. उन्हाने करपलेल्या पानावर असे ठिपके नसतात. तिथे उन्हाकडची एकच बाजू पांढरट तपकिरी होते.

युरियाने बिघडलं हे अगदी बरोबर पाहिलंत. नत्र मिळालं की नवी पानं जोरात येतात, त्यांना लागणारं पालाश झाड जुन्या पानांतून ओढतं. म्हणून ही अर्धवट पिवळी पानं कापूही नका. ती झाडाचं पालाशचं कोठार आहेत. ती कापली की झाड वरच्या पानांना हात घालतं. पूर्ण वाळलं की मगच काढा.

उपाय: सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे ००:००:५०. चार-पाच फुटांच्या झाडाला १५० ग्रॅम, सोबत ७५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. वर्षातून तीनदा: जूनअखेर, सप्टेंबर आणि फेब्रुवारी. बुंध्याशी ढीग नको, पानांच्या घेराखाली सगळीकडे विखरून पाणी द्या. मॅग्नेशियम सोबत हवंच, कारण नुसतं पालाश वाढवलं की मॅग्नेशियमची टंचाई दिसायला लागते. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही. नवी पानं जास्त दिवस हिरवी टिकतात का, त्यावरून सुधारणा ओळखायची. त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात.

काळी_कसदार
यात भर. चुनखडीच्या जमिनीत दुसरा घोळ मँगनीजचा. त्यात बिघाड सगळ्यात नव्या पानात दिसतो: पान आखूड, आखडलेलं, टोकं जाळल्यासारखी कुरळी. पालाशची खूण जुन्या पानावर आणि मँगनीजची नव्या पानावर, हे पक्कं ध्यानात ठेवा. लक्ष दिलं नाही तर शेंडाच मरतो. मँगनीज सल्फेट २ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी नव्या पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि ५० ग्रॅम मातीतून द्या.

लोहाची कमतरता असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग नाही. चुनखडी ते बांधून ठेवते. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडी बांधू शकत नाही असं लोह, घ्या. साधं ईडीटीए वालं आपल्या जमिनीत टिकत नाही. पण त्याआधी झावळीताईंनी सांगितलेली खोली आणि निचरा तपासा. दहातल्या आठ वेळा दुखणं तिथेच असतं.

उमरेडकर
गेंड्या भुंग्याचं कोणीच बोललं नाही! नवीन पान उघडलं अन् त्यात कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे गायब दिसले, तर भुंगा सुईत शिरून गेला समजा. पान बंद असताना त्याने पोखरलेलं असते, उघडल्यावर नक्षी दिसते. देठाच्या बेचक्यात चावलेला चोथा दिसला तर तो आतच आहे. वाकडी तार घालून काढा, मग भोकात रेती अन् निंबोळी पेंड समभाग मिसळून भरा. बचावासाठी वरच्या दोन-तीन देठांच्या बेचक्यात डांबरगोळ्या टाकून वरून रेती घाला, दीड महिन्याने बदला.

अन् मुख्य म्हणजे उघडा शेणखताचा ढीग झाडाजवळ ठेवू नका. त्याच्या अळ्या त्यातच वाढतात. खत भरताना चाळून घ्या, अंगठ्याएवढी पांढरी, बाकदार अळी दिसली तर वेचून काढा. मेटारायझियम या कीडनाशक बुरशीची भुकटी ढिगात मिसळली तर अळ्या मरतात.

सोंड्या भुंगा याहून वाईट. तो जखमेच्या वासाने येतो, म्हणून हिरवी देठं खोडाला लागून कापायची नाहीत. चांगला लांब खुंट ठेवा.

सह्यकडा
विषय थोडा बाजूला नेतो. पंख्याच्या पानांचा आपला स्वतःचा ताड असताना मादागास्कर आणि चीन कशाला?

ताडमाड
भावना पटते. ताड उन्हाला आणि कोरड्या जमिनीला तिघांपेक्षाही काटक, तेलंगणाच्या सीमेकडे गेलात की रांगा दिसतात. ताडपाकोळी हा पक्षी तर त्याच्या लोंबत्या पानांतच घरटं करतो. अडचण अशी की ताडाचं बी रुजताना कोंब सरळ खाली दोन-तीन फूट जातो आणि मग पान वर येतं. त्यामुळे कुंडीतून हलवलेला ताड बहुधा दगावतो, बी जागेवरच पेरावं लागतं. शिवाय खोड दिसायलाच बरीच वर्षं लागतात. शेतबांधावर जरूर लावा. फाटकाजवळ नको, पिकलेलं ताडफळ डोक्यावर पडलं तर मोठी इजा होईल.

कुंडीबहाद्दर
बिस्मार्कियाचंही बी असंच खोल जातं ना?

ताडमाड
हो, म्हणून त्याला सव्वा-दीड फूट खोल पिशवी लागते, आणि मोठं झाल्यावर हलवणं टाळायचं. चायना पामचं बी मात्र सोपं. निळसर हिरवी फळं पिकून पडली की गर काढून धुवा, दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. तरंगणारी फेकून द्या. निम्मी रेती, निम्मं कोकोपीट, त्यात अर्धा इंच खोल पेरा. ३० अंशांच्या आसपास ऊब मिळाली की दोन-तीन महिन्यांत उगवतं. पहिलं पान गवताच्या पात्यासारखं असतं, तण समजून उपटू नका.

पळसगाव
वॉशिंग्टोनियाची वाळलेली पानं खोडाला घागऱ्यासारखी लटकू द्यावीत का? दिसतात छान.

उमरेडकर
रानात ठीक. वस्तीत दिवाळीच्या आधी काढून टाका. एक रॉकेट त्यात शिरलं तर खालपासून शेंड्यापर्यंत पेट घेते, अन् वर तार असली तर आणखीच वाईट.

अंगणवेल
सगळ्यांचे आभार. परीक्षेचा खड्डा केला, दुसऱ्या दिवशीही तळाला चार बोटं पाणी होतं. म्हणजे ओटाच. चायना पाम, जागेच्या मध्यावर, मृगानंतर. एकच शंका: ओट्यावर ठिबक कुठे लावू? बुंध्याशी एक नळी पुरेल का?

झावळी
बुंध्याशी नको, तिथे सतत ओल राहिली की बुरशी धरते आणि मुळं बाहेर जात नाहीत. ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर बुंध्यापासून एक फुटावर गोलात ठेवा, उन्हाळ्यात एक दिवसाआड तासभर. दरवर्षी गोल अर्धा फूट बाहेर सरकवा आणि दोन ड्रिपर वाढवा. चौथ्या-पाचव्या वर्षी गोल ओट्याच्या कडेजवळ येईल. क्षाराने तोंडं बुजतात, म्हणून महिन्यातून एकदा ड्रिपर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा.